सर्व्हरला स्टार्टअप पासवर्ड लावताना

‘सर्व्हर सुरू होताना पासवर्ड विचारला पाहिजे’ अशी मागणी आली की आम्ही आधी उलट प्रश्न विचारतो: रात्री वीज जाऊन परत आली तर तो पासवर्ड टाइप कोण करणार? लॅपटॉपपुढे माणूस बसलेला असतो. सर्व्हर रॅकमध्ये असतो, त्याला मॉनिटर-कीबोर्ड जोडलेला नसतो, आणि तो रीस्टार्ट होतो तेव्हा बहुधा जवळ कोणीच नसतं. म्हणून लॅपटॉपवर दहा मिनिटांत उरकणारं हे काम इथे दिवस खातं, आणि त्यातला बराचसा वेळ तो पासवर्ड लांबून देता येईल अशी वाट तयार करण्यात जातो.

स्टार्टअप पासवर्ड या एका नावाखाली तीन वेगळी कुलपं येतात: फर्मवेअरचं (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम; जुन्या सवयीने बायोस), बूटलोडरचं (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि डिस्कच्या एन्क्रिप्शनचं. पहिली दोन मशीनपाशी उभं राहून उचापती करणाऱ्याला अडवतात. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावणाऱ्याला मात्र फक्त तिसरं अडवतं. मागणी करणाऱ्याला हे सुरुवातीलाच सांगावं, कारण ऑडिटच्या कागदावर तिन्हींसाठी एकच चौकट असते आणि बायोसचा पासवर्ड लावूनही तिच्यावर टिकमार्क करता येतो.

तरी काम फर्मवेअरपासूनच सुरू करायचं. तिथे दोन पासवर्ड असतात. डेलच्या पॉवरएजवर एफ२ दाबून सिस्टिम बायोस, मग सिस्टिम सिक्युरिटी या पानावर ते ‘सिस्टिम पासवर्ड’ आणि ‘सेटअप पासवर्ड’ म्हणून दिसतात. एचपीईच्या प्रोलायंटवर एफ९ च्या मेनूत ‘पॉवर-ऑन’ आणि ‘अ‍ॅडमिन’ म्हणून. सेटअप किंवा अ‍ॅडमिन पासवर्ड सेटिंग बदलू पाहणाऱ्याला अडवतो, बूट थांबवत नाही. तो लावायचाच. सिस्टिम किंवा पॉवर-ऑन पासवर्ड प्रत्येक बूटला अडतो. डेलवर तो तीनदा चुकला की मशीन थांबतं आणि पॉवर बंद करूनच पुढे जाता येतं. सर्व्हरवर तो लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. डिस्कवरच्या माहितीचं त्याने काहीच रक्षण होत नाही आणि प्रत्येक रीस्टार्टला माणूस लागतो.

सेटअप पासवर्ड लावल्यावर त्याच बैठकीत बूट क्रमात फक्त डिस्क ठेवायची, यूएसबीवरून बूट बंद करायचं, आणि नेटवर्कवरून इन्स्टॉल करत नसाल तर पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून होणारं बूट, बंद करायचं. मग एफ११ चा वन-टाइम बूट मेनू पासवर्डाशिवाय उघडतो का, हे प्रत्यक्ष दाबून बघायचं. या बाबतीत मॉडेलांची वागणूक सारखी नसते. फर्मवेअरच्या पासवर्डात फक्त इंग्रजी अक्षरं आणि अंक ठेवावेत. त्या टप्प्यावर कीबोर्डचा लेआउट अमेरिकी धरला जातो आणि रिमोट कन्सोलमधून टाइप करताना चिन्हांची अदलाबदल होते.

हा पासवर्ड काढता येतो, आणि तेही अवघड नाही. जुन्या बोर्डांवर सीआर२०३२ बॅटरी काढली की तो पुसला जायचा. सर्व्हरवर तो फ्लॅशमध्ये असल्याने बॅटरी काढून सहसा जात नाही, पण त्यासाठी बोर्डावरच वेगळी सोय असते. पॉवरएजवर जंपर असतो, प्रोलायंटवर मेंटेनन्स स्विचांमधला पाचवा स्विच पॉवर-ऑन पासवर्ड निकामी करतो. जागा झाकणाच्या आतल्या स्टिकरवर छापलेली असते. तेव्हा या पासवर्डाची खरी ताकद रॅकच्या दाराला कुलूप आहे की नाही यावर ठरते. झाकण उघडल्याची नोंद करणारा इंट्रूजन स्विच असेल तर तो चालू करून त्याचा अलर्ट मेलवर येतोय हे बघून घ्यावं.

आता मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरचा लांबून ताबा देणारी बोर्डावरची वेगळी चिप: डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ, इतरांचं साधं आयपीएमआय. पुढे पासवर्ड याच कन्सोलमधून टाइप करण्याची वेळ येऊ शकते आणि हल्लेखोरालाही हाच दरवाजा सोयीचा असतो. व्हर्च्युअल सीडी लावायची, एका बूटपुरतं बूट-साधन बदलायचं, पॉवर सायकल द्यायची, हे सगळं इथून होतं. कारखान्यातून आलेले पासवर्ड आधी बदलायचे. डेलच्या बऱ्याच पिढ्यांवर रूट आणि कॅल्विन, सुपरमायक्रोच्या जुन्या बोर्डांवर अ‍ॅडमिन आणि अ‍ॅडमिन ही जोडी जगजाहीर आहे. आयपीएमआय २.० च्या लॉगिनमध्ये मूळ रचनेचाच दोष आहे: ओळख पटण्याआधीच सर्व्हर पासवर्डापासून गणिताने काढलेला ठसा, म्हणजे हॅश, समोरच्याच्या हाती देतो आणि तो निवांत बसून फोडता येतो. पॅच लावून हे जात नाही. आयपीएमआय-ओव्हर-लॅन बंद करून वेब आणि एसएसएच (लांबून कमांड लाइनला जोडण्याची सुरक्षित सोय) तेवढे ठेवायचे आणि हा पोर्ट वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) टाकायचा.

बूटलोडरकडे येऊ. ग्रब (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) उघडा असेल तर मेनूवर ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडलं की रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड न विचारता रूट शेल मिळतं. ग्रबचा पासवर्ड हे थांबवण्यासाठी आहे. डेबियन १२ या लिनक्सवर ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२ ही आज्ञा चालवायची. ती दोनदा पासवर्ड विचारते आणि ‘ग्रब.पीबीकेडीएफ२.एसएचए५१२.१००००’ असा सुरू होणारा लांबलचक हॅश देते; १०००० ही हॅशच्या फेऱ्यांची संख्या, ती वाढवता येते. मग ईटीसीमधल्या ग्रब.डी फोल्डरातल्या ४०_कस्टम फाइलमध्ये दोन ओळी घालायच्या: पहिलीत सुपरयूजर्सचं नाव, दुसरीत पासवर्ड_पीबीकेडीएफ२, तेच नाव आणि हॅश. शेवटी अपडेट-ग्रब.

इथे थांबलात तर पुढचा रीस्टार्ट अडकणार. सुपरयूजर ठरवला की ग्रब प्रत्येक मेनू-नोंदीला पासवर्ड विचारू लागतं, नेहमीच्या बूटलासुद्धा. आपल्याला पासवर्ड फक्त नोंद बदलण्यासाठी आणि ग्रबच्या कमांड लाइनसाठी हवा असतो. त्यासाठी १०_लिनक्स या फाइलमध्ये क्लास नावाच्या चलात --अनरिस्ट्रिक्टेड जोडायचं आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवायचं. हा बदल पॅकेजच्या मालकीच्या फाइलमध्ये आहे हे लक्षात ठेवा. ग्रबची नवी आवृत्ती आली की अपग्रेडच्या वेळी ‘तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न येतो. घाईत नवी घेतली की --अनरिस्ट्रिक्टेड गायब, आणि त्याचा पत्ता पुढच्या रीस्टार्टलाच लागतो. रेड हॅटच्या घराण्यात ही कटकट नाही. तिथे ग्रब२-सेटपासवर्ड ही एकच आज्ञा हॅश यूजर.सीएफजी या फाइलमध्ये ठेवते आणि बूट-नोंदी मुळातच मोकळ्या असतात.

सगळ्यात मोठं काम डिस्कचं. लिनक्सवर त्यासाठी लक्स ही डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत आहे. नवा सर्व्हर असेल तर डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये एन्क्रिप्टेड एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडण्याची एक व्यवस्था) निवडायचं. तो आधी पूर्ण डिस्कवर रँडम माहिती लिहितो, त्याला मोठ्या डिस्कवर तासन्‌तास लागतात. कोऱ्या डिस्कवर हा टप्पा रद्द केला तरी चालतं. जिच्यावर आधी उघडा डेटा होता तिच्यावर रद्द करू नये. चालू सर्व्हरवरही क्रिप्टसेटअपची (लक्स हाताळणारं साधन) रीएन्क्रिप्ट आज्ञा --एन्क्रिप्ट पर्यायासह वापरता येते. लक्स२ (लक्सची दुसरी आवृत्ती) चा हेडर, म्हणजे किल्ल्या ठेवणारा सुरुवातीचा भाग, साधारण १६ मेबीबाइट जागा घेतो आणि प्रक्रियेला मोकळी जागा लागते, म्हणून ३२ मेबीबाइट कमी करण्याचा पर्याय द्यायचा आणि त्याआधी फाइल सिस्टिम तेवढी आकसून घ्यायची. ईएक्सटी४ आकसते. एक्सएफएस आकसत नाही, तिथे विषयच संपतो. खरं सांगायचं तर चालू सर्व्हरवर आम्ही बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करणंच पसंत करतो. बॅकअप तर दोन्ही मार्गांत घ्यावाच लागतो, आणि नव्याने उभारताना तो खरंच परत येतो का हेही तपासून होतं.

बूट विभाजन (डिस्कचा सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा भाग) मात्र उघडंच ठेवतो. डेबियन १२ मधल्या ग्रब २.०६ ला लक्स२ कळतं, पण किल्ली पीबीकेडीएफ२ या पद्धतीने पासवर्डापासून बनवलेली असेल तरच. त्याच कामासाठी लक्स२ मध्ये मुळात वापरला जाणारा आर्गॉन२ त्याला कळत नाही. शिवाय ग्रबच्या प्रॉम्प्टपर्यंत एसएसएचने पोचता येत नाही. बूट उघडं ठेवण्याची किंमत आहेच: मशीनला हात लावू शकणारा इनिटरामएफएस (डिस्क उघडण्याआधी मेमरीत चालणारी छोटी सिस्टिम) बदलून पासवर्ड चोरणारा कोड घालू शकतो. डेबियनवर सिक्युअर बूट कर्नलची सही तपासतं, इनिटरामएफएसची नाही. रॅकच्या कुलपाचा मुद्दा इथे पुन्हा येतो.

पासफ्रेज, म्हणजे डिस्क उघडणारा लांब पासवर्ड, चिन्हांनी सजवण्यापेक्षा शब्दांनी लांबवावी. ७७७६ शब्दांच्या यादीतून फाशांनी सहा शब्द काढले तर सुमारे ७७ बिटांची ताकद येते आणि फोनवर सांगतानाही घोळ होत नाही. सगळं लहान लिपीत, मध्ये हायफन नको. लेआउट बदलला तर तेही बदलतं. लक्स२ मध्ये किल्ल्यांच्या ३२ जागा असतात. पहिल्या दिवशीच लक्सअ‍ॅडकीने दुसरी पासफ्रेज घालायची, ती सीलबंद पाकिटात ठेवायची, आणि पाकीट बंद करण्याआधी क्रिप्टसेटअप ओपन आज्ञेला --टेस्ट-पासफ्रेज आणि --की-स्लॉट देऊन तीच उघडते का हे तपासायचं. मशीन बंद न करता ही तपासणी होते.

छोट्या व्हर्च्युअल मशीनसाठी एक इशारा. आर्गॉन२ किल्ली बनवताना किती मेमरी वापरायची हे त्या वेळच्या मशीनवर ठरवतं, मुळात कमाल १ गिबीबाइट. तीच डिस्क नंतर ५१२ मेबीबाइट मेमरीच्या मशीनला लावली तर पासफ्रेज बरोबर असूनही डिस्क उघडत नाही.

आता लांबून उघडण्याची वाट. डेबियनवर ड्रॉपबेअर-इनिटरामएफएस हे पॅकेज टाकलं की डिस्क उघडण्याआधीच एक छोटा एसएसएच सर्व्हर उभा राहतो. आपली सार्वजनिक किल्ली ईटीसी/ड्रॉपबेअर/इनिटरामएफएस या फोल्डरातल्या ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये ठेवायची; डेबियन १२ च्या आधी हा फोल्डर वेगळा होता, त्यामुळे जुन्या सूचना वाचून केलेलं काम चुकीच्या जागी पडतं. किल्लीच्या ओळीत सुरुवातीलाच क्रिप्टरूट-अनलॉक ही सक्तीची आज्ञा लिहिली की जोडणी होताच थेट पासफ्रेज विचारली जाते आणि इतर काही करता येत नाही. ड्रॉपबेअरला पोर्ट २२२२ द्यावा. त्याची होस्ट-किल्ली मुख्य एसएसएचपेक्षा वेगळी असते आणि वेगळीच हवी, कारण ती उघड्या बूट विभाजनात पडून असते. दोन्ही २२ वर ठेवले तर प्रत्येक वेळी ‘होस्टची ओळख बदलली’ असा इशारा येतो, आणि माणसं तो न वाचता पुढे जायला शिकतात.

पत्ता इनिटरामएफएस.कॉन्फमध्ये आयपी या चलात द्यायचा: पत्ता, दोन कोलन, गेटवे, नेटमास्क, होस्टचं नाव, इंटरफेस, शेवटी ऑफ. मग अपडेट-इनिटरामएफएस -यू, आणि त्याचं आउटपुट खरोखर वाचायचं. किल्लीची फाइल बिघडलेली असेल तर ड्रॉपबेअरची इशाऱ्याची एक ओळ त्यात येते, आज्ञा मात्र यशस्वी म्हणून संपते. नंतर एलएसइनिटरामएफएसने ड्रॉपबेअर, क्रिप्टसेटअप आणि नेटवर्क कार्डाचं मॉड्यूल आत आलं आहे का हे बघायचं.

आणि तरीही जोडणी होत नाही, असं झालं तर दोष बहुतेकदा नेटवर्कच्या बाजूला असतो. इनिटरामएफएसमधलं साधं नेटवर्क एकच इंटरफेस उठवतं, त्याला बाँडिंग (दोन पोर्ट एक करून वापरणं) कळत नाही. स्विचवर ते दोन पोर्ट एलएसीपीत (अशी जोडी दोन्ही बाजूंनी ठरवणारा प्रोटोकॉल) बांधलेले असतील तर समोरून एलएसीपी येत नाही म्हणून स्विच ट्रॅफिकच सोडत नाही. एलएसीपी नसताना पोर्ट एकटा चालू द्यावा असं सेटिंग स्विचवर करून घ्यावं लागतं. टॅग केलेल्या व्हीलॅनचीही तीच गत, तिथे या पत्त्याचं नेटवर्क पोर्टवर विनाटॅग द्यायचं. स्पॅनिंग ट्रीचा (स्विचांमधली फिरती वर्तुळं टाळणारी सोय) जुना प्रकार चालू असेल तर पोर्ट उठायला ३० सेकंद लागतात, म्हणून सर्व्हरच्या पोर्टांवर ही वाट टाळणारं पोर्टफास्ट हे सेटिंग हवं.

ड्रॉपबेअर चाललं नाही तर कन्सोल हा दुसरा रस्ता. तिथे कर्नलच्या ओळीतला क्रम महत्त्वाचा. कन्सोल= दोनदा लिहिलं असेल तर प्रॉम्प्ट शेवटी लिहिलेल्या कन्सोलवर येतो. शेवटी सीरियल पोर्ट असेल तर आयड्रॅकच्या चित्र-कन्सोलवर पडदा नुसता थिजलेला दिसतो आणि मशीन लटकलं असं वाटून कोणीतरी पॉवर सायकल देतं. ते बिचारं सीरियलवर पासफ्रेजची वाट बघत असतं. क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्क कशा उघडायच्या त्याची यादी असलेली फाइल) ट्राइज=० लिहून ठेवलं की प्रयत्नांची मर्यादा जाते; मुळात ते तीनच असतात.

माणूस नकोच असेल तर दोन मार्ग आहेत. एक टीपीएम, बोर्डावरची सुरक्षा-चिप: किल्ली चिपमध्ये बांधायची आणि बूटची मोजमापं जुळली तरच ती सुटते. ही मोजमापं पीसीआर नावाच्या क्रमांकित जागांत असतात. पीसीआर ७ म्हणजे सिक्युअर बूटची स्थिती, पीसीआर ० म्हणजे फर्मवेअर; शून्याला बांधलं तर प्रत्येक फर्मवेअर अपडेटनंतर पासफ्रेज मागितली जाणार हे धरून चाला. पूर्ण सर्व्हर उचलून नेणाऱ्याला मात्र टीपीएम थांबवत नाही, त्याच्यासाठीही डिस्क उघडते. दुसरा मार्ग क्लेव्हिस आणि टँग: नेटवर्कवरचा टँग सर्व्हर जवळ असेल तरच डिस्क उघडते, चोरून नेलेली उघडत नाही. आम्हाला हा जास्त पटतो. टँग दोन हवेत, आणि ते ज्या सर्व्हरांची कुलपं उघडतात त्यांच्यावरच व्हर्च्युअल मशीन म्हणून चालता कामा नयेत. सगळी वीज एकदम गेली की एकमेकांची वाट बघत सगळे बंद राहतात. पासफ्रेजांची तिजोरी, व्हीपीएन, डीएनएस यांनाही हाच नियम.

आणखी एक सोपी रचना आहे, तिला उगाच कमी लेखतात. रूट विभाजन, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग, उघडं ठेवायचं, फक्त डेटाचं विभाजन लक्समध्ये. सर्व्हर आपसूक बूट होतो, नेहमीचं एसएसएच मिळतं, मग हाताने डिस्क उघडायची. क्रिप्टटॅब आणि एफएसटॅबमध्ये (विभाजनं जोडण्याची, म्हणजे माउंट करण्याची यादी) नोऑटो लिहायचं आणि डेटाबेसच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सर्व्हिस सुरू करणारी फाइल) रिक्वायर्समाउंट्सफॉर घालायचं. ते राहिलं तर विभाजन माउंट नसताना सर्व्हिस रिकाम्या फोल्डरात सुरू होते आणि काही वेळा तिथेच नवा कोरा डेटाबेस मांडून बसते. माउंट नसलेल्या फोल्डरावर सीएचअ‍ॅटर +आय लावलं की तीही शक्यता जाते. रूटमधले लॉग, सेटिंगमधले पासवर्ड आणि स्वॅप उघडे राहतात. ते चालत नसेल तर ही रचना घेऊ नका.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. ‘स्टार्टअप पासवर्ड’ म्हटल्यावर ज्यांना सिसकी आठवतं त्यांनी ते विसरावं. एनटी ४.० च्या सर्व्हिस पॅक ३ पासून असलेली ती सोय विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीत आणि सर्व्हरच्या त्याच आवृत्तीत काढून टाकली. ती डिस्क एन्क्रिप्ट करत नव्हती आणि फोनवरचे ठग लोकांना त्यांच्याच मशीनबाहेर ठेवायला ती वापरत. आता विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन म्हणजे बिटलॉकर. सर्व्हरवर ते आधी फीचर म्हणून इन्स्टॉल करून रीस्टार्ट द्यावा लागतो. टीपीएमसोबत पिन हवा असेल तर ग्रुप पॉलिसीत ‘स्टार्टअपला जादा ओळख’ हा नियम चालू करायचा. नेटवर्क अनलॉक लावलं तर ऑफिसच्या नेटवर्कवर पिन विचारला जात नाही, पण त्याला यूईएफआयमध्ये (नवं फर्मवेअर) डीएचसीपी आणि नेटवर्कवर डब्ल्यूडीएस ही विंडोज सर्व्हरची सेवा लागते. फर्मवेअर अपडेटच्या आधी संरक्षण सस्पेंड करा, नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी पासवर्ड शोधत बसावं लागतं.

तपासणी नुसत्या रीबूट आज्ञेने होत नाही. मशीन पूर्ण बंद करून, दोन्ही पॉवर केबल काढून, परत लावून बघायचं: वीज आल्यावर ते आपोआप चालू होतं का, ड्रॉपबेअर किती वेळाने उत्तर देतं, कन्सोलवर प्रॉम्प्ट दिसतो का. पासफ्रेज ज्याने ठरवली त्याच्याऐवजी दुसऱ्याने, ऑफिसबाहेरून, लिहिलेल्या सूचना वाचून हे करावं. कर्नलच्या प्रत्येक अपडेटनंतर इनिटरामएफएस नव्याने बनतो, म्हणून ठरलेल्या वेळी एक रीस्टार्ट घ्यावा. वर्षभर न थांबलेला सर्व्हर नेमका बिघाडाच्या रात्री पहिल्यांदा सुरू करायची वेळ येऊ नये.

लक्सचा हेडर खराब झाला तर पासफ्रेज माहीत असून उपयोग नाही, म्हणून लक्सहेडरबॅकअपने त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची. या प्रतीत त्या दिवशीच्या किल्ल्या असतात. कोणी नोकरी सोडून गेलं म्हणून पासफ्रेज बदलली, तरी जुनी पासफ्रेज आणि जुनी हेडर-प्रत एकत्र आली की डिस्क उघडते. तेव्हा प्रत्येक बदलानंतर नवी प्रत काढून जुनी नष्ट करायची, आणि सोडून गेलेल्या माणसाच्या हाती जुनी प्रतही असण्याची शक्यता वाटत असेल तर पासफ्रेजवर न थांबता पूर्ण रीएन्क्रिप्ट करायचं. डिस्क निकाली काढताना क्रिप्टसेटअप इरेज सगळ्या किल्ल्या काही सेकंदांत पुसतं. सोबत हेडरच्या सगळ्या प्रती आणि पाकिटातली पासफ्रेजही नष्ट करून त्याची नोंद त्या सर्व्हरच्या फाइलमध्ये करायची.